खाल्ल्या मिठाचा हिशेब

गेल्या वर्षीची गोष्ट. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, आणि डोंबिवलीतल्या आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या चिमुकल्या दवाखान्यात मी हातात एक फॉर्म घेऊन बसले होते. नववीतल्या माझ्या मुलाला दिवाळीच्या सुट्टीत गिर्यारोहणाच्या शिबिराला जायचे होते. फॉर्मवर डॉक्टरांची सही हवी होती, ‘प्रकृती ठणठणीत आहे’ म्हणून. दोन मिनिटांचे काम. येताना वाटेत भाजी घ्यायची, एवढाच माझ्या डोक्यात विचार.

डॉक्टरांनी छाती तपासली, वजन केले आणि दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजला. मग काही न बोलता तो पट्टा सोडला, कपाटातून दुसरा, मोठा पट्टा काढला. मुलाला पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसायला सांगितले आणि पुन्हा मोजला.

“एकशे अडतीस, शहाऐंशी,” ते म्हणाले. “आठवड्याने परत या. सहीचे तेव्हा बघू.”

मी हसलेच. म्हटले, “अहो डॉक्टर, पंधरा वर्षांचा आहे तो!”

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “घरात आणखी कोणाला आहे?”

आणि मग मात्र माझे हसू मावळले. माझ्या सासऱ्यांना बावन्नाव्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला आणि त्यातच ते गेले. आमच्या ह्यांना चाळिशीतच गोळी लागली. आजोबा बावन्न, वडील चाळीस, आणि आता नातू पंधरा! हा आकडा असा उतरत का चालला आहे, हा प्रश्न त्या दिवशी पावसात भिजत घरी येताना मला पहिल्यांदा पडला. भाजी घ्यायची राहूनच गेली.

यंत्राची चूक?

आपल्या मुलाला काही आहे हे कळले की आई आधी यंत्राला दोष देते. मीही दिला. आणि गंमत म्हणजे यंत्राची चूक असू शकते, हे डॉक्टरांनीच पुढच्या खेपेस समजावून सांगितले. दंडाच्या मानाने पट्टा लहान असेल तर आकडा खोटाच जास्त दिसतो. म्हणून अंगाने भरलेल्या मुलाला मोठा पट्टा लावायचा. जिना चढून आल्या आल्या मोजला, बोलता बोलता मोजला, तरी आकडा चढतो. कोणाकोणाचा रक्तदाब तर डॉक्टरांचा पांढरा कोट पाहूनच वर जातो! म्हणून एका मोजणीवर कोणाच्याही कपाळी शिक्का मारायचा नसतो. निरनिराळ्या तीन भेटींत आकडा चढा आढळला तरच तो उच्च रक्तदाब.

मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. तेरा वर्षांखालच्या मुलाचे वय, उंची आणि मुलगा की मुलगी हे पाहून, तक्त्यावरून आकडा ठरवावा लागतो. तेरापुढे हिशेब सोपा आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली जे नियम घालून दिले, त्यांनुसार वरचा आकडा १२०च्या आत आणि खालचा ८०च्या आत असावा. वरचा १३० किंवा खालचा ८० गाठला की उच्च रक्तदाबाची पहिली पायरी. १४० किंवा ९० गाठला की दुसरी. आमच्या चिरंजिवांचे आकडे तिन्ही भेटींत पहिल्या पायरीवर ठाण मांडून बसले होते.

मग तपासण्या झाल्या. लहान वयातल्या रक्तदाबामागे कधी मूत्रपिंडाचा आजार असतो, कधी हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी जन्मतःच अरुंद असते. म्हणून लघवी, रक्त, पोटाची सोनोग्राफी. पायांतली नाडी पाहिली, पायाचा रक्तदाबही मोजला. सारे काही ठीक निघाले. वजन मात्र उंचीच्या मानाने आठ-नऊ किलो जास्त होते.

“सध्या गोळी नको,” डॉक्टर म्हणाले. “आकडा दुसऱ्या पायरीवर असता, मूत्रपिंडाचे दुखणे किंवा मधुमेह असता, तर मी एक दिवसही थांबलो नसतो, तेव्हा गोळीची जागा पथ्याला देता येत नाही. पण याच्यासाठी आपल्या हातात तीन महिने आहेत. दवाखान्यात जे होणार नाही ते तुमच्या स्वयंपाकघरात होईल.” आणि त्यांनी शिबिराच्या फॉर्मवर सही केली! मी तर मुलाला आता जिनाही चढू द्यायचा नाही, अशा तयारीने आले होते. ते म्हणाले, “चढू दे की. त्याला रोज तासभर चालायला, पळायलाच लावायचे आहे.”

एवढ्याने काय बिघडते, पुढे बघू, असे म्हणणाऱ्यांपैकी मीही एक होते. पण पौगंडावस्थेतला चढा रक्तदाब बहुधा मोठेपणीही सोबत करतो, आणि काही मुलांच्या हृदयाची भिंत त्या वयातच जाड होऊ लागलेली असते. अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या बोगालुसा गावी १९७३ साली मुलांच्या हृदयाचा दीर्घ अभ्यास सुरू झाला. मोठेपणच्या हृदयविकाराची पेरणी लहानपणीच होत असते, हे त्यातून स्पष्ट झाले. आणि हा प्रश्न परदेशातल्या लठ्ठ मुलांचाच आहे असेही नाही. २०१६ ते २०१८ या काळात आपल्याकडे जे राष्ट्रीय पोषण सर्वेक्षण झाले, त्यात दहा ते एकोणीस वयाच्या सुमारे पाच टक्के मुलामुलींमध्ये उच्च रक्तदाब आढळला. चाळीस मुलांच्या वर्गात दोन!

तीन दिवसांची वही

डॉक्टरांनी एक गृहपाठ दिला होता. तीन दिवस तोंडात काय काय गेले ते लिहून आणायचे. आणि लिहायचे आईने नव्हे, मुलाने स्वतः.

ती वही मी जपून ठेवली आहे. त्यातला एक दिवस असा: सकाळी चहाबरोबर चार खारी. डब्यात चीज आणि सॉस लावलेला पोळीचा रोल. दुपारी वरणभात, दोन पापड, मिरचीचे लोणचे. साडेपाचला क्लासच्या खाली वडापाव, वर लसणाची सुकी चटणी आणि मीठ लावलेली तळलेली मिरची. सातला मित्राच्या वाढदिवसाचा शेजवान राइस, कोल्ड्रिंक. रात्री भात, आमटी, सुकटीची कोशिंबीर, पुन्हा लोणचे. अकराला अभ्यास करता करता वेफर्स. आणि फळ? तीन दिवसांत मिळून एक केळे. तेही, वहीतल्या नोंदीप्रमाणे, ‘अर्धे ताईला’.

“यात मीठ कुठे आहे, दाखवा,” डॉक्टर म्हणाले. मी पापड, लोणचे आणि सुकटीवर बोट ठेवले. त्यांनी पेन घेऊन खारी, चीज, सॉस, पाव, चटणी, शेजवान राइस, वेफर्स अशा एकेक शब्दाखाली रेघ ओढत नेली. “जे खारट लागते त्यातच मीठ असते असे नाही. पावात असते, गोड बिस्किटातसुद्धा असते. पापडखार, खाण्याचा सोडा यांतही सोडियमच आहे.”

सोडियम! सगळ्या भानगडीचे मूळ तिथे आहे. मिठात चाळीस टक्के सोडियम असते. ते शरीरात जास्त झाले की पाणी धरून ठेवते. रक्तवाहिन्यांतून वाहणारा द्रव वाढतो आणि नळीच्या भिंतींवर ताण येतो. जास्तीचे सोडियम बाहेर टाकणे हे मूत्रपिंडांचे काम. पण सर्वांची मूत्रपिंडे ते सारख्याच तत्परतेने करत नाहीत. काहींना मीठ अधिक बाधते, आणि हा गुण पुष्कळदा घराण्यातून येतो. नाक आणि रंग जसा आजोबांकडून येतो, तसाच.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे एक लहान चमचा, आणि त्यात घरचे, बाहेरचे सारे आले. मुलांना त्यांच्या आहाराच्या मानाने त्याहूनही कमी. आमच्या घरी नूडल्सचे जे पाकीट होते, त्याच्या पाठीवरचा सोडियमचा आकडा मुलाने अडीचने गुणला. मिठाचा आकडा काढायची ही सोपी रीत आहे. त्या एका पाकिटात दोन ग्रॅमच्या वर मीठ निघाले. दिवसाचा जवळजवळ अर्धा वाटा, आणि तोही ‘मधल्या वेळचे काहीतरी’ म्हणून!

आजाऱ्याचे ताट

इथे माझी पहिली मोठी चूक झाली. ती कबूल केली पाहिजे, कारण माझ्यासारख्या बहुतेक आया तीच करत असतील.

मी त्याचा स्वयंपाक वेगळा करू लागले. सगळ्यांची आमटी एका पातेल्यात, त्याची अळणी आमटी वाटीत. सगळ्यांना पापड, त्याला काकडी. बँकेतून साडेसातला घरी येऊन हे दोन-दोन स्वयंपाक करताना मला आपण केवढा त्याग करतो आहोत असे वाटे. दहा-बारा दिवस तो काही बोलला नाही. मग एके रात्री धाकटीने पापड मोडला, त्याचा आवाज झाला, आणि त्याने ताट पुढे सरकवले. “बाबांना पण बीपी आहे ना? ते गोळी खातात आणि वर लोणचं पण खातात. मग शिक्षा एकट्या मलाच का?”

ह्यांचा हात लोणच्याच्या फोडीवर तसाच थांबला. कोणीच काही बोलले नाही. नंतर दप्तर आवरताना मला वडापावचे कागद सापडले. एक नव्हे, चार. घरात अळणी जेवणारा मुलगा क्लासखाली दुपटीने खात होता.

पंधरा वर्षांच्या मुलाला आजारी ठरवून वेगळ्या ताटावर बसवता येत नाही. त्या वयात मित्रांपेक्षा, घरच्यांपेक्षा निराळे दिसणे हेच मोठे दुखणे असते. रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही; वेगळे ताट मात्र रोज दोन वेळा खुपते. पथ्य करायचे तर ते साऱ्या घराने करायला हवे, हे मला त्या चार कागदांनी शिकवले.

पण घराचे पथ्य म्हणजे नेमके किती? मी एक साधी युक्ती केली. मिठाचे नवे पाकीट फोडताना त्यावर तारीख घातली. आम्ही पाच माणसे. किलोचे ते पाकीट पंचविसाव्या दिवशी संपले. म्हणजे दिवसाला चाळीस ग्रॅम, माणशी आठ ग्रॅम. त्यातले थोडे भांड्यात, पाण्यात वाया जाते हे खरे. पण पापड, लोणचे, फरसाण, क्लासखालचा वडापाव हे सारे त्याच्या वर! पाच माणसांनी माणशी पाच ग्रॅम खायचे तर किलोचे पाकीट चाळीस दिवस पुरले पाहिजे. त्याआधी संपले, तर मीठ जाते कुठे ते शोधावे.

आगोट

आमच्या स्वयंपाकघरात मिठाचा हात खरा सासूबाईंचा. त्यांचे माहेर शिरोडे, वेंगुर्ले तालुक्यातले, मिठागरांचे गाव. १९३० साली गांधीजींच्या हाकेसरशी जिथे मिठाचा सत्याग्रह गाजला, तेच हे शिरोडे. वडिलांकडून ऐकलेल्या त्या दिवसांच्या कथा सासूबाई अजून सांगतात. मीठ हा त्यांच्या लेखी अभिमानाचा विषय. त्यांना मी मीठ कमी करायला सांगणार होते!

“मीठ नाय तर जेवणाक चव खंयसून येतली?” त्यांनी विचारले. आणि मग हलक्या आवाजात, “म्हणजे माझ्या हातचां जेवाण नातवाक बाधलां?”

मला उत्तर सुचेना. तिथून उठून जाणेही जमेना. म्हणून मी त्यांना त्यांच्या लहानपणीच्या आगोटीबद्दल विचारत बसले. कोकणात मृगापूर्वी पावसाळ्याची बेगमी करतात, ती आगोट. चार महिने समुद्र बंद, वाटा बंद, बाजार दूर. मग बांगडे खारवायचे, कैऱ्या खारात घालायच्या, फणसाचे गरे मिठात मुरवायचे, सांडग्या मिरच्या वाळवायच्या, पापड लाटायचे. घरात शीतकपाट नव्हते. मिठाशिवाय दुसरा राखणदार नव्हता. जे मीठ पडे ते चवीसाठी नव्हे, अन्न टिकावे म्हणून. आणि खाणारी माणसे दिवसभर शेतात राबून घाम गाळणारी. खाऱ्या बांगड्याचा एक तुकडा आणि मोठी थाळी पेज, असे ते जेवण असे. एका माणसाला अख्खा बांगडा नव्हे.

बोलता बोलता सासूबाई स्वतःच थांबल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “हय तर बाराय म्हयने ताजो बांगडो गावता. मग खारो कित्याक खावचो?”

इतके दिवस मी वाचत होते, डॉक्टरांना विचारत होते. पण माझ्या घरापुरते खरे निदान शिरोड्याच्या या म्हातारीने केले. आगोटीची गरज कधीच संपली, फ्रिज आला, बाजार कोपऱ्यावर आला; खारवलेले खाण्याची सवय मात्र राहिली. आणि त्या जुन्या मिठावर बाजारातल्या पाकिटांचे नवे मीठ येऊन पडले. आजीचे मीठ आणि दुकानातले मीठ, दोन्ही माझ्या मुलाच्या ताटात एकत्र आले होते. आजोबांच्या वाट्याला एकच आले होते.

त्या दिवसापासून सूत्रे सासूबाईंनी हाती घेतली. मीठ एकदम तोडायचे नाही. दर पंधरवड्याला थोडे थोडे कमी. भात, भाकरी, पोळी यांत मुळीच नाही. ताटात वरून मीठ वाढणे बंद. मिठाची वाटी टेबलावरून कपाटात. आंबटाने मिठाची उणीव भरून निघते, हे कोकणातल्या माणसाला शिकवावे लागत नाही: आमसूल, चिंच, लिंबू, कैरी. माशाच्या कढीत त्रिफळ आणि ओले खोबरे असले की मीठ निम्मे आहे हे जिभेला चटकन कळतही नाही. लोणच्याची बरणी फेकली नाही. ती रविवारी निघते. पापडही रविवारी, भाजलेला, एकेक.

पहिले तीन आठवडे कठीण गेले, नाही असे नाही. ह्यांनी तर एकदा उठून कपाटातली मिठाची वाटी आणलीच! पण जिभेचे गणित निराळे आहे. मीठ कमी केले की काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत, जीभ त्याला सरावते आणि पूर्वीचे जेवण खारट लागू लागते. ऑक्टोबरात एके दिवशी मुलगा क्लासवरून येऊन म्हणाला, “आई, आज वडापाववाल्याने मीठ जास्त टाकलं होतं.” मी काही बोलले नाही. वडापाववाल्याचे मीठ तेवढेच होते.

नुसते ‘नको’ नव्हे

आतापर्यंत मी काय काढले तेच सांगितले. पण काय घातले, हेही तितकेच महत्त्वाचे. अमेरिकेत १९९७ साली ‘डॅश’ नावाने एक प्रयोग प्रसिद्ध झाला. साडेचारशेच्या वर प्रौढ माणसे. मीठ तेवढेच, वजन तेवढेच ठेवून, आठ आठवडे काहींना भाज्या, फळे, कमी स्निग्धांशाचे दूधदही, कडधान्ये, दाणे यांनी भरलेला आहार दिला. ज्यांना उच्च रक्तदाब होता त्यांचा वरचा आकडा नेहमीच्या आहारावर असलेल्यांपेक्षा सुमारे अकराने अधिक उतरला. २००१ साली त्याच आहाराला मीठ कमी करण्याची जोड दिली, तेव्हा दोन्ही मिळून परिणाम आणखी वाढला. २००८ साली किशोरवयीन मुलांवरही असा एक छोटा अभ्यास झाला आणि त्यातही या आहाराने रक्तदाबाचा वरचा आकडा अधिक उतरला. भाज्या-फळांतले पोटॅशियम मूत्रपिंडांना सोडियम बाहेर टाकायला मदत करते, हे त्यामागचे एक कारण.

आता ‘डॅश’ हे नाव परदेशी असले तरी पदार्थ आपलेच आहेत. मुगाची उसळ, पालकाची पातळ भाजी, लाल माठ, दुधी, रताळे, केळे, पेरू, पपई, घरचे साय काढलेल्या दुधाचे दही. आम्ही नियम एकच केला: ताटाचा अर्धा भाग भाजी, कोशिंबीर आणि उसळीचा. सासूबाईंना ‘डॅश’ म्हणता येत नाही. त्या ‘डाशाचा जेवाण’ म्हणतात.

खरी लढाई मात्र संध्याकाळी साडेपाचची होती. शाळा आणि क्लास यांच्यामध्ये पोरांना जी भूक लागते, तिच्यापुढे कोणतेही उपदेश टिकत नाहीत. म्हणून दुसरा डबा सुरू केला: उकडलेले हरभरे कांदा-लिंबू घालून, बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे, दही-पोहे, राजगिऱ्याचा लाडू, दोन केळी. वडापाव बंद केला नाही. त्याबद्दल त्यानेच तह केला: शनिवारी एक, सुकी चटणी अर्धी, मिरची नको. कोल्ड्रिंकच्या जागी पाणी किंवा ताक. घरात काय आणायचे ते दुकानात पाकीट उलटून तोच ठरवतो. परवा त्याने ‘पौष्टिक’ असे ठळक अक्षरांत छापलेल्या बिस्किटांचे पाकीट आकडा वाचून परत ठेवले, आणि दुकानदार माझ्याकडे बघत राहिला.

सल्ल्यांचा पाऊस

आमच्या इमारतीत बातमी लपत नाही. “साधे मीठ सोडा, सैंधव खा, काही होत नाही,” असे तीन जणींनी सांगितले. डॉक्टरांना विचारले, तेव्हा कळले की सैंधव काय, पादेलोण काय, मुख्यतः सोडियम क्लोराइडच. उलट आयोडीनयुक्त मीठ सोडल्याने वाढत्या वयात आयोडीन कमी पडायची भीती. थोडे खा, पण आयोडीनचेच खा. कोणी पोटॅशियम घातलेले ‘कमी सोडियम’चे मीठ आणून दिले. तेही मुलांसाठी आपल्या मनाने वापरू नये. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस केली ती निरोगी मूत्रपिंडांच्या प्रौढांसाठी, मुलांना आणि गर्भवतींना वगळून. आणखी एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. घसा बसला की आम्ही बिनधास्त ज्येष्ठमध चघळायला देतो. त्याचा अतिरेक झाला तर त्यानेही रक्तदाब चढतो. सर्दीच्या काही गोळ्या, एनर्जी ड्रिंक्स यांचेही तसेच.

आणि सर्वांत मोठा गैरसमज माझाच होता. धाकटी अगदी काडी; तिला काय होणार? डॉक्टरांनी तिलाही बोलावून मोजले आणि पुण्याच्या संशोधनाची गोष्ट सांगितली. तिथल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःचे आणि डॉ. जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र प्रसिद्ध केले होते. उंचीच्या मानाने वजन दोघांचे अगदी सारखे, पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपण भारतीय वरून सडपातळ दिसूनही आतून तसे नसतो. काट्यावर विसंबून राहू नये. धाकटीचा आकडा ठीक निघाला. पण आता दर वाढदिवसाला तिचाही रक्तदाब मोजतो. मूल तीन वर्षांचे झाले की वर्षातून एकदा मोजावा, असेच तज्ज्ञ सांगतात.

पाकिटावरची तारीख

तीन महिन्यांनी मुलाचा रक्तदाब १२८/७८ भरला. गोळी टळली. सहा महिन्यांनी १२२/७६. अजून १२०च्या आत आलेला नाही, हे मी लपवत नाही. डॉक्टरांनीही ‘बरा झाला’ हा शब्द वापरलेला नाही. उंची दीड इंच वाढली, वजन तेवढेच राहिले, म्हणून अंग आपोआप हलके झाले. याचे सारे श्रेय मिठाला द्यायचे कारण नाही. तो रोज संध्याकाळी चालतो, शिबिरावरून आल्यापासून दर महिन्याला कुठला ना कुठला गड चढतो, रात्री अकराला फोन बाहेरच्या खोलीत ठेवून झोपतो. ह्यांचाही आकडा उतरला आहे. त्यांची गोळी मात्र चालूच आहे. ती डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करायची नसते.

सासऱ्यांचा फोटो आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. त्यांना मी पाहिले नाही. त्यांचा रक्तदाब कधी कोणी मोजला होता का, हे सासूबाईंना आठवत नाही. झटका आला त्या रात्री त्यांनी काय जेवले होते ते मात्र त्यांना पक्के आठवते. तो पदार्थ त्यांनी त्यानंतर कधी केला नाही. पण बाकीचे तसेच करत राहिल्या, कारण असे काही असते हे त्यांना कोणी सांगितलेच नाही. मला सांगितले. एका फॉर्मच्या निमित्ताने का होईना, सांगितले.

मिठाचे पाकीट आता मुलगा फोडतो आणि त्यावर तारीखही तोच घालतो. पंचवीस दिवसांवरून ते आधी एकतीसवर गेले, मग अडतीसवर. मागचे शेहेचाळीस दिवस पुरले. तुमच्या घरी पुढचे पाकीट फोडाल, तेव्हा त्यावर पेनाने तारीख घाला. संपेल त्या दिवशी माणसे मोजा आणि भागाकार करा. आणि घरात तेरा-चौदा वर्षांचे कोणी असेल, तर दवाखान्यासमोरून जाताना एकदा त्याच्या दंडाला पट्टा लावून घ्या. पाच मिनिटे बसवून, आणि पट्टा बेताचा आहे ना ते बघून.